सासूबाईंनी धरलेला ओलीस

नव्या घरात सासूबाईंना मागची खोली द्यायची, हा निर्णय चष्मेवाल्यांनी एकट्याने घेतला. एकट्याने निर्णय घ्यायची त्यांना फारशी सवय नव्हती. (संधी नव्हती, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.) पण घर बदलायच्या गडबडीत बायकोला हॉस्पिटलातून रजा मिळेना, ती तिथली मुख्य नर्स, तिच्यावाचून तिथलं पान हलत नाही, आणि कुठल्या खोलीत काय ठेवायचं हे कुणीतरी ठरवायलाच हवं होतं. चष्मेवाल्यांनी कागदावर नव्या घराचा नकाशा काढला, मागच्या शांत खोलीवर 'आई' असं लिहिलं आणि स्वतःच्या मोठेपणाने त्यांचा ऊर भरून आला.

ही खोली देण्यामागे एक कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव 'तो'.

'तो' म्हणजे एक सिनेमा. त्याला खरं नाव होतं, पण घरात ते कुणी घेत नसे. बायको दारातून आत येताच विचारायची, "लावलात का त्याला पुन्हा?" आणि तो लागलेलाच असायचा. गोष्ट साधी होती. चार दरोडेखोर बँक लुटून पळतात आणि नदी ओलांडणाऱ्या एका प्रवासी बोटीवर चढतात. ऐन मध्यात बोटीचं इंजिन बंद पडतं. बोटीवर दरोडेखोर आणि घाबरलेले प्रवासी, काठावर पोलीस, आणि पोलिसांत एक वयस्कर साहेब. साहेबाची दाढ दुखत असते. गालावर हात ठेवून, हातात कर्णा घेऊन तो दरोडेखोरांशी बोलत राहतो. बोलून बोलून एकेक ओलीस सोडवतो. बंदुका शेवटी उडतात, पण सिनेमा खरा बोलण्याचाच.

चष्मेवाल्यांना हा सिनेमा किती वेळा पाहिला हे आठवत नव्हतं. लोक विचारत, अहो, शेवट माहीत असताना त्यात बघायचं काय? त्यांना ते नीट सांगता यायचं नाही, पण कारण त्यांच्या दुकानात होतं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर माणसं समोरच्या खुर्चीवर बसायची, चष्मेवाले त्यांच्या डोळ्यांपुढे काच धरायचे आणि विचारायचे, "हे बरं दिसतं, की हे?" माणूस म्हणायचा, "दोन्ही सारखंच." काच बदलायची. "आता?" "मघाचं बरं होतं. नाही, थांबा, हेच बरं आहे. की मघाचं?" असा सगळा दिवस. संध्याकाळपर्यंत चष्मेवाल्यांचा जगातल्या प्रत्येक गोष्टीवरचा विश्वास उडालेला असे. अशा माणसाला रविवारी तरी ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी, ठरलेलंच होणारं काहीतरी हवं असतं. साहेब कर्णा उचलणार म्हणजे उचलणार. प्रवाशांतली छत्रीवाली बाई वाचणार म्हणजे वाचणार. आणि गंमत म्हणजे, ती वाचणार हे पक्कं माहीत असूनही दर वेळी तिच्याकडे बंदूक वळली की ते खुर्चीचा हात घट्ट धरायचे. सटकायला निघालेला बोटीचा खलाशी मागे वळून बघतो आणि पकडला जातो, तेव्हा ते दर वेळी मनातल्या मनात म्हणायचे, आज तरी वळू नकोस रे. तो वळायचाच.

जुन्या घरात टीव्ही हॉलमध्ये, आणि हॉलच्या भिंतीपलीकडे सासूबाईंची खोली. सासरे गेले तेव्हापासून त्या मुलीकडे राहत होत्या. कडक बाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी दारात उभं राहून सांगितलं होतं, "जावईबापू, त्या तुमच्या बंदुका जरा हळू उडवायला सांगा." त्यानंतर त्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, पण चष्मेवाल्यांना तो टोमणा कायमचा लागून राहिला. म्हणून मागची खोली. भिंतीपलीकडे टीव्ही नाही, रस्ता नाही, कुणी नाही. नकाशा दाखवून ते म्हणाले, "आई, आता तुम्हाला अगदी शांतता. आमचा काही आवाजच यायचा नाही."

सासूबाईंनी नकाशावरची ती खोली बोटाने शोधली. मग म्हणाल्या, "बरं."

सासूबाईंच्या 'बरं'चे अनेक प्रकार होते. मुलीला ते सगळे ओळखू यायचे. जावयाला एकच ऐकू यायचा.

सामान हलवायचा दिवस उजाडला. ट्रकची पहिली खेप घेऊन बायको सकाळीच नव्या घरी गेली. इकडे राहिले चष्मेवाले, सासूबाई, सामान वाहणाऱ्या टोळीचा मुकादम, आणि टोळीतला सगळ्यात दांडगा गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणत. दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागायचे. फ्रिज तो असा उचलायचा, जसा दुसरा माणूस उशी उचलतो. बाकीचे गडी खाली ट्रकमध्ये सामान लावत होते. वर मोठ्या अशा तीनच गोष्टी उरल्या होत्या: हॉलमधलं लोखंडी कपाट, सासूबाईंच्या खोलीतला पलंग आणि त्यांची ट्रंक.

"पैलवान, आधी आजीबाईंची ट्रंक घे," मुकादम म्हणाला.

पैलवान आत गेला. दार लोटलं गेलं. आणि आतून कडी लागल्याचा खट्‌ असा आवाज आला.

चष्मेवाले आणि मुकादम दोघंही दाराशी धावले.

"आई?" चष्मेवाल्यांनी दारावर टकटक केलं.

"मी येत नाही," आतून सासूबाईंचा शांत आवाज आला. "आणि हा पण येणार नाही."

"पैलवान, बाहेर ये रे," मुकादम ओरडला.

आतून पैलवानाचा आवाज आला. "आजी नको म्हणतात."

"आजी नको म्हणतात म्हणजे? तू केवढा, त्या केवढ्या."

"त्या दारासमोर खुर्ची टाकून बसल्यात. मी कसं उचलू त्यांना? ट्रंक वेगळी, माणूस वेगळं."

मुकादम घामेजला. "साहेब, त्याच्याशिवाय ते लोखंडी कपाट हलायचं नाही. आणि इथले नवे भाडेकरू दुपारी यायचेत म्हणालात. त्यांचा ट्रक आला की आमचा हलवावा लागणार. दार तोडू का?"

आणि त्या क्षणी चष्मेवाल्यांच्या अंगात काहीतरी संचारलं. बंद दार. आत ओलीस. बाहेर एक उतावीळ अधिकारी, ज्याला दार तोडायचंय. (असा एक अधिकारी सिनेमातही होता आणि त्याच्याचमुळे सगळं बिघडायला आलं होतं.) आयुष्यभर ज्या एका विषयाचा त्यांनी अभ्यास केला, त्याची परीक्षा अशी अचानक पुढ्यात येऊन ठाकली होती. त्यांनी नकळत एक हात गालावर ठेवला.

"दार तोडायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मला बोलू द्या."

"दाढ दुखतेय का साहेब?"

"नाही."

त्यांनी आधी बायकोला फोन लावला.

"आईंनी आतून कडी लावली आहे. पैलवान आत आहे. तो सुखरूप आहे."

"काय?"

"घाबरू नकोस. परिस्थिती माझ्या हातात आहे. अजून मागणी आलेली नाही."

"कसली मागणी? अहो, तुम्ही तिला विचारलंत का, काय झालं म्हणून?"

"तसं थेट विचारायचं नसतं. आधी विश्वास संपादन करायचा असतो."

मग बायको म्हणाली, "मी येतेय. मी येईपर्यंत कृपा करून काही करू नका." आणि फोन बंद झाला.

काही करू नका, हे वाक्य चष्मेवाल्यांनी आयुष्यात अनेकदा ऐकलं होतं आणि बहुतेक वेळा पाळलंही होतं. आज मात्र त्यांना ते जमणं शक्य नव्हतं. दाराशी स्टूल ओढून ते बसले, घसा खाकरला आणि साहेबासारखा खर्जातला आवाज काढून म्हणाले, "आई, आत सगळं ठीक आहे ना? चहा पाठवू का?"

आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग सासूबाई म्हणाल्या, "चुकलात. आधी नाव विचारायचं असतं."

चष्मेवाल्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"आधी नाव विचारतात. मग आत किती माणसं आहेत ते विचारतात. मग कुणी जखमी आहे का. चहा त्याच्यानंतर. तुम्ही एकदम चहावर आलात."

मुकादमाने चष्मेवाल्यांकडे बघितलं. साहेबाची हीच पद्धत होती. ह्याच क्रमाने. चष्मेवाल्यांनी सावरायचा प्रयत्न केला. "बरं. मग, नाव काय तुमचं?"

"जावईबापू, माझं नाव तुम्हाला माहीत आहे."

"हो. आत किती जण आहेत?"

"दोघं. जखमी कुणी नाही. चहा आम्ही केलाय. माझी विजेची किटली इथेच आहे, आणि बिस्किटांचा डबा पण. तेव्हा तुम्ही चहा देतो म्हणून पैलवानाला मागाल, ते जमणार नाही."

चष्मेवाले खरंच तेच मागणार होते. साहेब पावाच्या टोपलीच्या बदल्यात दोन ओलीस सोडवून आणतो, सिनेमातला त्यांचा तो सगळ्यात आवडता भाग होता.

"पैलवान," मुकादम दाराला तोंड लावून म्हणाला, "अरे, तू बिस्किटं खात बसलायस का?"

"आजींनी दिली," पैलवान म्हणाला. तोंड भरलेलं होतं. "मुकादम, आजी बरोबर बोलतायत. तुम्हीच जरा समजून घ्या."

"काय बरोबर बोलतायत?"

"ते आजीच सांगतील."

ओलीस फितूर झाला होता. सिनेमात याला बराच वेळ लागतो. इथे एका बिस्किटांच्या डब्यात काम झालं होतं.

मग चष्मेवाल्यांनी आपल्याजवळचं सगळ्यात मोठं अस्त्र काढलं. दरोडेखोरांच्या म्होरक्याला साहेब त्याच्या लहानपणीच्या घराची आठवण करून देतो आणि म्होरक्याचा आवाज कापरा होतो, तो प्रसंग. सासूबाई का अडून बसल्या आहेत हे चष्मेवाल्यांना आता उमगलं होतं. ते दाराजवळ सरकले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "आई, मला कळतंय. या खोलीत तुमच्या किती आठवणी आहेत. ही खिडकी, या भिंती. घर सोडताना जीव तुटतोच. पण आठवणी आपण बरोबर घेऊन जातो. त्या भिंतीत नसतात, त्या मनात..."

"आठवणी कसल्या," सासूबाई म्हणाल्या. "कोपऱ्यात ओल येते इथे. माझे गुडघे त्यानेच धरतात. मला हे घर सोडायचंच आहे."



"मग तुम्ही बसलात कशाला?" मुकादमाने विचारलं. हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेलेला पहिला शहाणा प्रश्न होता, आणि चष्मेवाल्यांनी घाईघाईने बोटाने खुणावून मुकादमाला गप्प केलं. (साहेब उतावीळ अधिकाऱ्याला असंच गप्प करतो.) नाहीतर सासूबाई उत्तर देणार होत्या आणि गोष्ट तिथेच संपली असती.

खाली हॉर्न वाजला. मुकादम खिडकीतून डोकावला. "आला बघा तुमच्या भाडेकरूंचा ट्रक. गल्ली अडलीय. साहेब, आता काहीतरी कराच."

बोलणी फसली की साहेब काय करतो, हे चष्मेवाल्यांना पाठ होतं. साहेब कर्ण्यावरून बोलत राहतो, दरोडेखोरांचं लक्ष गुंतवून ठेवतो, आणि तेवढ्यात बोटीवरचा आचारी, जो आधीच पाण्यात उडी मारून निसटलेला असतो, तो पाण्याखालून पोहत येऊन मागच्या बाजूने बोटीवर चढतो. त्या प्रसंगात कुणी एक अक्षर बोलत नाही. नुसतं पाणी आणि धाकधूक.

सासूबाईंच्या खोलीला लागून न्हाणीघर होतं आणि न्हाणीघराची खिडकी मागच्या गॅलरीत उघडत होती. खिडकीला आडव्या काचेच्या पट्ट्या होत्या.

"मुकादम, तुम्ही इथे बसा आणि त्यांच्याशी बोलत राहा," चष्मेवाले कुजबुजले.

"काय बोलू?"

"काहीही. हवापाण्याचं बोला. नाही म्हणायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

मुकादम स्टुलावर बसला आणि मोठ्याने म्हणाला, "आजीबाई, गुडघ्याला काय लावता?"

चष्मेवाले पाय न वाजवता गॅलरीत आले. काचा काढणं हे त्यांचं रोजचं काम. एकेक पट्टी त्यांनी अशी अलगद बाहेर सरकवली की, हवा हलली तरी जास्त आवाज झाला असता. त्या सगळ्या मोहिमेत एवढाच भाग ठरल्याप्रमाणे पार पडला. खिडकीतून त्यांनी डोकं घातलं. डोकं गेलं. खांदे गेले. मग पोट आलं.

आचाऱ्याला पोट नव्हतं, हे त्यांना तेव्हा आठवलं. निम्मे आत, निम्मे बाहेर, असे ते लोंबकळत राहिले. दारापलीकडून मुकादमाचा आवाज येत होता, कसल्याशा तेलाबद्दल. आता मागे जाता येईना, पुढेही जाता येईना. त्यांनी श्वास सोडून पोट आत ओढलं, भिंतीला पायाने रेटा दिला आणि एकदम आत आले. आत आले ते थेट खाली. खाली पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप होतं.

जो आवाज झाला तो खालच्या ट्रकपर्यंत गेला असावा.

न्हाणीघराचं दार उघडलं. दारात सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावरून पैलवान डोकावत होता. चष्मेवाले पिंपातून कमरेपर्यंत वर आले होते. चष्मा पिंपातच राहिला होता.

"पिंप भरून ठेवलंत?" त्यांना एवढंच सुचलं.

"वेढा पडला की पाणी आधी साठवायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "पैलवान, बाहेर काढ रे यांना."

पैलवानाने त्यांना काखेत हात घालून उचललं आणि ट्रंकेवर आणून ठेवलं. कपडे सगळे पहिल्या खेपेला गेले होते. सासूबाईंनी पलंगावरची फुलाफुलांची चादर काढून त्यांच्याभोवती गुंडाळली, पुसलेला चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि वाफाळत्या चहाचा कप हातात दिला. आता आत दोन ओलीस होते.

"जावईबापू," सासूबाई समोरच्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "आलाच आहात तर एक सांगा. तुमच्या त्या सिनेमात मध्येच सगळे बोलायचे थांबतात. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येतो. आणि मग एकदम बाई किंचाळते. त्या वेळात नक्की होतं काय?"

चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. "तुम्ही तो ऐकता?"

सासूबाईंनी मान दुसरीकडे वळवली. कडक चेहऱ्याच्या माणसाला लाज वाटली की ती फार अवघडल्यासारखी दिसते. "भिंतीला कान लावून नाही बसत मी. पलंग भिंतीला लागून आहे. ऐकू येतो."

"मग त्या दिवशी तुम्ही म्हणालात, बंदुका..."

"म्हणाले. आल्या आल्या म्हणाले. एकदा नावं ठेवली की मग बाहेर येऊन शेजारी कसं बसायचं?" त्या पदराशी चाळा करू लागल्या. "हे गेले, त्यानंतर दुपारी डोळा लागायचा नाही मला. रविवारी तर मुळीच नाही. घर गप्प व्हायचं. मग भिंतीतून तो तुमचा साहेब बोलायला लागायचा. ते एक म्हणतो ना तो बोटीवरच्या लोकांना, मी इथेच आहे, कुठेही जाणार नाही. तेवढं ऐकलं की बरं वाटायचं. मग मी वाट बघायला लागले. तुम्ही एखाद्या रविवारी लावला नाहीत की मला चुकल्यासारखं व्हायचं." मग त्यांचा आवाज पुन्हा मुख्याध्यापिकेचा झाला. "आणि तुम्ही मला मागच्या खोलीत टाकलंत. तिथे मला काय ऐकू येणार? नळ?"

एवढी वर्षं भिंतीच्या दोन बाजूंना बसून ते दोघं एकच सिनेमा पाहत होते. एक बघत होता, एक ऐकत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच आहोत. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"सांगा ना," पैलवान म्हणाला. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. "पाण्याचा आवाज येतो तेव्हा काय होतं? आजींना वाटतं दरोडेखोर अंघोळ करतात."

"मला तसं वाटत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, एखादा करत असेल."

मग चष्मेवाल्यांनी सांगायला सुरुवात केली. चादर सावरत, ट्रंकेवर बसून. आचारी बोटीखालून कसा येतो, त्याचा हात दोराला कसा लागतो, दोर कसा निसटतो, वर खलाशी मागे वळायच्या बेतात असतो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हा सिनेमा सांगायला लावत होतं आणि ऐकणाऱ्याला तो भाग माहीत नव्हता. दारावर धाडधाड थापा पडत होत्या. मुकादम ओरडत होता, "साहेब, तुम्ही आहात कुठे? आजीबाई गप्प का? पैलवान?" कुणी उत्तर दिलं नाही. आचारी त्या वेळी नांगराच्या साखळीला धरून वर चढत होता.

"वळला का खलाशी?" सासूबाईंनी श्वास रोखून विचारलं.

"वळतोच तो," चष्मेवाले हताश होऊन म्हणाले. "दर वेळी वळतो."

"आई." दारापलीकडून बायकोचा आवाज आला. हॉस्पिटलात तिच्या या आवाजाला मोठमोठे डॉक्टर जागा करून देत. "आई, काय हवंय तुला?"

"हॉलशेजारची खोली," सासूबाई म्हणाल्या.

"घे की. त्यात काय एवढं. माझी शिवणाची मशीन जाईल मागे."

कडी निघाली. दार उघडलं. एका क्षणात वेढा उठला. बाहेर बायको, तिच्यामागे मुकादम, मुकादमामागे नवे भाडेकरू आणि त्यांची दोन मुलं. आत, ट्रंकेवर, फुलाफुलांच्या चादरीत, ओल्या केसांनी, हातात कप धरून बसलेले चष्मेवाले.

बायकोने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "परिस्थिती हातात आहे, म्हणाला होतात ना?"

"आधी का नाही सांगितलंस गं?" तिने मग आईला विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "यांनी चहा विचारला. आठवणी विचारल्या. मुकादमाने तेल विचारलं. काय हवंय ते कुणी विचारेना. मी तरी कशी सांगणार, मला सिनेमा ऐकायचाय म्हणून? या वयात?"

पैलवानाने ट्रंक एका खांद्यावर घेतली आणि जाता जाता चष्मेवाल्यांना म्हणाला, "साहेब, खलाशी वळला, मग पुढे?"

"रविवारी ये," सासूबाईंनीच परस्पर सांगून टाकलं.

रविवारी जेवणं झाल्यावर नव्या घराच्या हॉलमध्ये सगळे जमले. पैलवान धुतलेला सदरा घालून आला होता. सासूबाईंसाठी मऊ खुर्ची टीव्हीसमोर मध्यभागी ठेवली होती. ज्या बाईने हा सिनेमा नुसता भिंतीतून ऐकला, ती आज तो पहिल्यांदा पाहणार, याचं चष्मेवाल्यांना फार कौतुक वाटत होतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी पडदे ओढले आणि ते सासूबाईंच्या शेजारी बसले.

सिनेमा सुरू झाला. सासूबाई सगळ्यांना आवाजावरून ओळखत होत्या. "हा म्होरक्या होय? मला वाटलं जाडा असेल." "छत्रीवाली अगदी तशीच आहे." साहेब आला, त्याने गालावर हात ठेवला, आणि त्या समाधानाने मागे टेकल्या. पण थोड्याच वेळात त्या अस्वस्थ दिसायला लागल्या. पुन्हा पुन्हा पडद्यावर कुणाला तरी शोधत होत्या.

"तो कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कोण आई?"

"अहो, तो नाही का एक बावळट? बोटीवरचाच कुणीतरी. साहेब काही म्हणाला की हा तेच म्हणायचा. दरोडेखोर काही म्हणाला की हा पुन्हा तेच. जाड्या, घोगऱ्या आवाजात. कधी मागून, कधी त्यांच्याही आधी. मला वाटायचं, बिचारा भीतीने भ्रमिष्ट झालाय. साहेबाच्या खालोखाल मला त्याचीच काळजी वाटायची."

चष्मेवाल्यांनी डोकं खाजवलं. एवढ्या वेळा पाहिलेल्या सिनेमात असा माणूस असल्याचं त्यांना आठवेना. "असा कुणी नाही त्यात, आई."

"नाही कसा? दर रविवारी असतो."

तेवढ्यात पडद्यावर साहेबाने कर्णा उचलला. सगळे गप्प झाले. साहेब म्हणाला, "मी इथेच आहे. कुठेही जाणार नाही."

आणि खुर्चीत जरा पुढे सरकून, डोळे पडद्यावर खिळवून, खर्जातल्या जाड्या आवाजात चष्मेवालेही म्हणाले, "मी इथेच आहे. कुठेही जाणार नाही."

सासूबाई सावकाश वळल्या. पैलवान वळला. चष्मेवाल्यांना कळायला जरासा वेळ लागला की सगळे आपल्याकडे बघताहेत.

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलीकडे वळून चिंतेने विचारलं, "म्हणजे त्या बिचाऱ्याला शेवटी सोडवतच नाहीत का गं?"

"नाही आई," बायको म्हणाली. "कुणी घ्यायलाच तयार नाही."